तळाचा रंग

विशाखापट्टण येथे नेमणुकीवर असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी एक छोटी शिडाची नौका घेतली. लांबी अवघी सतरा फूट. मोटारीमागे जोडलेल्या दोनचाकी गाड्यावर ती चढवावी, उतारावरून पाण्यात सोडावी आणि सायंकाळी पुन्हा घरी आणावी, अशी तिची सोय आहे. त्यांनी आम्हांस पत्राने विचारले, "हिच्या तळाला कोणता रंग लावावा?" प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा खरा, परंतु विचार करू लागलो तेव्हा तो दुकानात सुटणारा नव्हे, असे आम्हांस दिसून आले.

समुद्रात स्थिर राहिलेल्या कोणत्याही वस्तूवर प्रथम सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ धरते, पुढे बार्नेकल आणि शिंपले वस्तीला येतात. तळ खरबरीत झाला की नौका जड होते, वारा असूनही पुढे सरकत नाही. हे टाळण्यासाठी जो रंग लावतात त्यात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. तो थोडा थोडा पाण्यात विरघळतो आणि त्या पाण्यात कोवळे जीव टिकाव धरीत नाहीत. आपण त्याला रंग म्हणतो एवढेच; वस्तुतः ते विष आहे.

या विषाचे मर्म हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या एका फसलेल्या यशात पाहावयास मिळते. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले व पुढे ती प्रथा सर्व आरमारात रूढ झाली. पण खाऱ्या पाण्यात पत्रे झिजत. १८२४च्या सुमारास डेव्हीने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडून ही झीज थांबविली. प्रयोग यशस्वी झाला, तांबे अभंग राहिले. आणि त्या अभंग तांब्यावर शेवाळ व बार्नेकल खुशाल वाढू लागले! झिजत होते म्हणूनच तांबे रक्षण करीत होते. तळ निर्मळ राखणे आणि पाण्यात विष सोडणे या दोन क्रिया नव्हेत. ती एकच क्रिया आहे. "मला रक्षण हवे, विष नको," असे म्हणण्याची सोय येथे नाही.

"पण सतरा फुटांच्या नौकेने सागराचे असे काय बिघडणार?" असे कोणी म्हणेल. १९६०च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगाचे रंग प्रचारात आले. ते इतके गुणकारी ठरले की नौकाधारकांनी त्यांचे स्वागतच केले. पुढे फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पैदास खुंटली, कवचे विकृत होऊ लागली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉग-व्हेल्क नावाच्या शंखातील माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली, आणि त्यासाठी लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश एवढे विष पुरेसे होते. फ्रान्सने १९८२ साली व ब्रिटनने १९८७ साली निर्बंध घातले ते प्रथम पंचवीस मीटरांहून लहान नौकांवर. कारण त्याच उथळ, कोंडलेल्या पाण्यात दाटीने उभ्या असत. सर्व जहाजांना लागू होणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. ज्यांनी तो रंग लावला ते दुष्ट नव्हते. प्रत्येकाचा वाटा अल्प होता, आणि ज्याची हानी होत होती त्याला तक्रार करता येत नव्हती, एवढेच.

मग रंग सर्वथा त्याज्य मानावा काय? तसेही म्हणता येत नाही. मध्य अमेरिकेकडील काळ्या पट्ट्यांचे एक शिंपले १९६७च्या सुमारास विशाखापट्टणच्याच बंदरात आढळले. तेच शिंपले १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकास्थानांत शिरले, तेव्हा तेथील दरवाजे बंद करून पाण्यात क्लोरिनचे द्रावण व मोरचूद ओतावे लागले. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत झेब्रा शिंपले एका जलाशयातून दुसऱ्यात गेले, ते पुष्कळदा गाड्यांवरून नेलेल्या अशाच लहान नौकांबरोबर. अस्वच्छ तळ हाही परक्याच्या पाण्यावर केलेला अन्यायच होय.

आता निवडीकडे वळू. कठीण थराचे बरेचसे रंग नौका फार काळ कोरडी राहिली की आपली शक्ती गमावतात. झिजत जाणारे रंग कोरडे राहूनही टिकतात, पण गाड्याच्या आधारफळ्यांवर घासून निघतात. सिलिकोनच्या निसरड्या लेपात विष नसले, तरी त्याला वेग लागतो आणि ओरखडे सोसत नाहीत. ॲल्युमिनियमच्या तळाला तर तांब्याचा रंग लावूच नये. धातू पोखरला जातो. आणि जी नौका त्याच दिवशी बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतली व वाळविली जाते, तिला यांपैकी कशाचीच गरज नसते. एका दिवसात बार्नेकल वाढत नाही.

म्हणजे रंगाच्या डब्याबरोबर आपण विकत घेतो ती नौका पाण्यातच सोडून घरी जाण्याची मुभा. ही मुभा क्षुद्र आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळतो, ज्याची पाठ दुखते, ज्याला हात लावायला दुसरा माणूस नाही, त्याला ओढण्याचे श्रम म्हणजे नौकानयनच सोडून देणे ठरू शकेल. त्याने आठवड्यांपुरता झिजणारा रंग बेताने लावला, तर त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. मात्र आपण गरज भागवीत आहोत की आळस, याचा निवाडा त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे करावा; आणि जुना रंग घासताना त्याची भुकटी वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नये.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना हा निवाडा अपरिचित नसावा. आम्ही कागदावर सही करतो. तिचे फळ दिसू लागेपर्यंत आमची बदली झालेली असते. तेथील पाणी ज्यांचे, ते तेथेच राहतात. ज्या गावी आपल्याला कायम राहायचे नाही, त्या गावच्या पाण्याविषयी अधिकच जपावे, हा धर्म कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नाही.

स्नेह्यांना आम्ही लिहिले : "रंग लावू नका. दर वेळी नौका बाहेर काढा, धुवा, वाळवा. जमत नसेल तर पुन्हा लिहा. तेव्हा रंगाचे पाहू." त्यांचे उत्तर आले आहे. पाठ दुखते, असे ते लिहितात. पण रंग अद्याप घेतलेला नाही.