खिडकी करणाराही जबाबदार काय?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एक तरुण आमच्याकडे आला. घर खासबागेत, वडिलांचा जन्म मागावर गेलेला, हा स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. परगावच्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती. पगार चांगला, आईने पेढेसुद्धा वाटले होते. परंतु नेमणुकीचे पत्र खिशातून काढून तो म्हणाला, "काका, तिथे सिरॅमिकचे पारदर्शक घुमट घासून गुळगुळीत करायचे काम आहे. ते क्षेपणास्त्राच्या तोंडाला बसतात. मी दारू भरणार नाही, बंदूक करणार नाही. नुसती खिडकी. मग मला झोप का लागत नाही?"

आम्ही त्यास लगेच उत्तर दिले नाही. प्रथम ती खिडकी काय वस्तू आहे, हे त्याच्याकडूनच समजून घेतले. रविवार शाळेच्या शिक्षकांनीही ते समजून घ्यावे. कारण वस्तू न समजता तिच्याविषयी दिलेला निवाडा बहुधा चुकतो.

उष्ण वस्तूमधून जे किरण निघतात ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण यंत्राला दिसतात. अशा यंत्राच्या डोळ्यापुढे साधी काच चालत नाही, कारण ते बरेचसे किरण काच गिळून टाकते. शिवाय वेगाने जाताना पावसाचा थेंब आणि वाळूचा कण गोळीसारखा आदळतो. म्हणून किरण आत सोडील आणि ओरखडाही पडू देणार नाही असा पदार्थ लागतो. स्पिनेल हा त्यांपैकी एक. तो मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांपासून होतो.

अ‍ॅल्युमिना हा शब्द बेळगावकरांस परका नाही. यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ही पांढरी पूड किती वर्षे निघत आहे! कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरांवरचे तांबडे दगड ट्रकांतून इकडे येताना आम्ही पाहिले आहेत. खिडकीसाठी लागणारी पूड याहून पुष्कळच शुद्ध असावी लागते. तरी जात तीच. ही पूड दाबून भट्टीत भाजली की कपबशीसारखी पांढरी, अपारदर्शक वस्तू होते. का? तर कणाकणांमध्ये हवेची सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि प्रकाश त्यांवर आपटून विखुरतो. हजारात एक भाग छिद्रे राहिली तरी खिडकी दुधाळ होते. म्हणून सुमारे दीड हजार अंश उष्णतेत, चहूबाजूंनी वायूचा हजार-दीड हजार वातावरणांचा दाब देऊन ती छिद्रे मिटवितात. मग हिऱ्याच्या पुडीने घासायचे. हेच आमच्या तरुणाचे काम.

या विद्येचा आरंभ मात्र युद्धासाठी झाला नाही. अमेरिकेत रॉबर्ट कोबल याने १९५०च्या दशकात अ‍ॅल्युमिन्यात चिमूटभर मॅग्नेशियम ऑक्साइड घालून तो प्रकाश जाऊ देईल असा केला, आणि त्याच्या नळ्या सोडियमच्या दिव्यांत बसल्या. ज्या पिवळ्या दिव्यांखालून आपण रात्री घरी येत असू, त्यांच्या पोटात हीच वस्तू होती.

तेव्हा वस्तू पापी नाही, एवढे खरे. पण एवढ्यावर सुटका करून घेणे आम्हांस पटत नाही. त्या तरुणाचे वडील म्हणाले, "मी विणलेले लुगडे लग्नात नेसले की मयतावर घातले, मला काय ठाऊक?" त्यांचे बरोबर आहे, कारण त्यांना ठाऊक नव्हते. करिंथच्या मंडळीस पौलाने बाजारातील मांसाविषयी जो सल्ला दिला तो येथे आठवावा. बाजारात विकत घेताना खोदून विचारू नका, असे तो सांगतो. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर मग गोष्ट वेगळी. कळल्याने माणूस बदलतो. यमनापुरात पोती भरणाऱ्या मजुराचा हिशेब निराळा, आणि नकाशावर घुमटाचे माप वाचणाऱ्याचा निराळा.

दुसरी बाजूही आहे. आपल्याच शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि मंडळीत सैनिकांच्या आया आहेत. अंधारात पहाऱ्यावर असलेल्या जवानाला समोरचा मेंढपाळ आहे की घुसखोर, हे जितके स्पष्ट दिसेल तितके निरपराध रक्त कमी सांडेल. शौलाच्या काळी इस्राएलात लोहार राहू नये अशी पलिष्ट्यांनी तजवीज केली होती. नांगराचा फाळ पाजवायलाही त्यांच्याकडे जावे लागे. आपल्या देशानेही थोडेफार तसे सोसले. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या अनेक संशोधन संस्थांना वस्तू व ज्ञान देण्यावर निर्बंध घातले. आज हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्रात पारदर्शक स्पिनेलवर काम होते, याचा आम्हांस आनंदच वाटतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना शिपाईगिरी सोडा असे सांगितले नाही. जुलूम करू नका, पगारात समाधान माना, असे सांगितले.

परंतु पहारेकऱ्याच्या खिडकीमागे माणूस असतो. तो पाहतो, शंका घेतो, बोट मागे घेऊ शकतो. क्षेपणास्त्राच्या खिडकीमागे कोण आहे? आपले 'नाग' हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र उष्णतेचे चित्र पाहून लक्ष्याचा पाठलाग करते. सोडण्यापूर्वी लक्ष्य माणूसच ठरवितो, हे मान्य. सुटल्यावर ते आपले आपण जाते. अशा अस्त्रांना 'सोडा आणि विसरा' म्हणतात. यातील 'सोडा' हा शब्द आम्हांस समजतो. 'विसरा' हा शब्द ख्रिस्ती माणसाने कसा उच्चारावा, हे समजत नाही. खिडक्यांचे पदार्थ निरनिराळे असतील. आमची अडचण सर्वांना सारखीच लागू आहे.

आम्ही त्या तरुणास जा असे सांगितले. देशाचे रक्षण करणे हे काम लज्जास्पद नाही, आणि ते दुसऱ्याच्या मुलांवर ढकलून आपण स्वच्छ राहणे आम्हांस अधिक लज्जास्पद वाटते. मात्र एक अट घातली : आपले काम कशाला लागते हे विचारण्याची सवय सोडायची नाही. त्यावर त्याने विचारले, "आणि ती अस्त्रे उद्या दुसऱ्या देशाला विकली तर?" हा प्रश्न हवेतला नव्हता, २०२२ साली फिलिपाइन्सशी ब्रह्मोसचा करार झाला आणि २०२४ मध्ये पहिली खेप गेलीही. विकत घेणारा ते कोणावर रोखील, हे घासणाऱ्याला कोण सांगणार? आम्ही म्हणालो, त्या दिवशी तुला पुन्हा ठरवावे लागेल, आणि कदाचित नोकरी सोडावी लागेल. त्याची आई आमच्यावर रागावली. घर भाड्याचे आहे, धाकटीचे शिक्षण आहे. तिचा राग आम्ही चुकीचा मानत नाही.

तो दिवाळीनंतर रुजू झाला. नाताळात घरी आला तेव्हा त्याने हातावरचे घट्टे दाखविले, आणि आईपासून दूर नेऊन सांगितले की पगाराचा पहिला हप्ता बँकेत वेगळ्या खात्यात ठेवला आहे, नोकरी सोडावी लागलीच तर घरात चार महिने चूल पेटावी म्हणून.