पाणी पिणारा मासा

टँकचा दिवा इतक्यात लावू नका. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड पुरे आहे. हातात औषधाची बाटली नको. खाद्याचा डबाही दूर ठेवा. तो दिसला की मासा पुढे झेपावतो आणि त्या धावपळीत आजार झाकला जातो. नुसते बसा.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं. तिथे रस्ता ओलांडला की समुद्र. इथे भोपाळात तो समुद्र आपणच आर.ओ.च्या पाण्यात कालवून केलेला असतो, लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. समोरच्या जिवाला याखेरीज दुसरा समुद्र नाही. हे मनात नीट उतरू द्या.

म्हणून माशाआधी पाण्याकडे पाहा. मे महिन्यातल्या इथल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. पातळी दोन बोटं खाली दिसत असेल तर पाणी आधीच जास्त खारट झालेलं आहे. भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. तापमान, खारटपणा आणि अमोनिया तपासा. अमोनिया शून्यच हवा. पुष्कळदा आजार वाटतो त्याचं मूळ इथेच सापडतं.

आता त्याच्या शरीराचा विचार करा. भोपाळच्या बड्या तालाबातला, गोड्या पाण्यातला रोहू पाणी जवळजवळ पीत नाही. ते त्याच्या अंगात आपोआप झिरपतं. आपल्या टँकमधल्या क्लाउनफिशचं उलट आहे. भोवतीचं पाणी त्याच्यापेक्षा खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून तो समुद्र पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्वचेवरचा बुळबुळीत थर आणि कल्ले शाबूत आहेत तोवर हा तोल टिकतो. ते सोलवटले की भर पाण्यात तो कोरडा पडू लागतो.

एक श्वास घ्या, सोडा. मग त्याचे कल्ले पाहा. लिटरभर खाऱ्या पाण्यात प्राणवायू जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम, आणि पाणी तापलं की त्याहून कमी. मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजा. मासा ठणठणीत असतानाचा आकडा वहीत लिहिलेला असेल, तर आजचा आकडा काहीतरी सांगेल. नसेल, तर आजपासून लिहा.

तो दगडाला अंग घासतोय का? पर मिटलेले आहेत का? पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतोय का? घाईने नाव देऊ नका, फक्त पाहा.

अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके असतील, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरियॉन. हा परजीवी त्वचेखाली तीन ते सात दिवस खातो आणि गळून पडतो. मासा स्वच्छ दिसतो, घरात आनंद होतो. नेमकी हीच वेळ थांबून विचार करण्याची. गळलेला जीव वाळूवर, दगडावर कोष करून दुभंगत असतो. एकेका कोषातून शेकडो पिल्लं सुटू शकतात. त्यांना मासा सापडला नाही तर ती एक-दोन दिवसांत मरतात, पण काही कोष आठवडेच्या आठवडे उशिरा फुटतात. म्हणून सगळेच मासे वेगळ्या टाकीत हलवायचे आणि मोठा टँक अडीच महिने माशांविना ठेवायचा. तांब्याचं औषध वेगळ्या टाकीतच, रोज मोजून. मोठ्या टँकमध्ये ते पडलं तर प्रवाळ आणि कोळंबी मरतात. मला ही अडीच महिन्यांची वाट औषधाइतकीच महत्त्वाची वाटते, आणि लोक नेमकी तीच टाळतात.

ठिपके नाहीत, पण श्वास फार जलद आहे, किंवा तिरप्या उजेडात अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते? मग हे मनन इथेच सोडा आणि उठा. तो व्हेल्वेट नावाचा आजार असू शकतो, आणि त्यात मासा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. एअर पंपाचा जोर वाढवा, मासा हलवा, जाणत्याला फोन लावा.

परांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ असेल, तर पुन्हा बसा. तो बहुधा लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार. त्यावर औषध नाही. गाठ खुडू नका. पाणी चांगलं ठेवा, खाणं चांगलं द्या. बहुतेकदा काही आठवड्यांत ती आपोआप झडते.

आणि नवा मासा आणाल तेव्हा दुकानदार कितीही खात्री देवो, चार ते सहा आठवडे तो वेगळ्या टाकीतच राहू द्या.