फोटोच्या पाठीवरचं नाव

घरातल्या जुन्या फोटोंची पुढची बाजू आपण सगळेच पाहतो. ते उलटून पाहिले, तर बहुतेकांची पाठ कोरी निघते. फार तर स्टुडिओचा शिक्का असतो, नाहीतर शाई फुटलेली एखादी तारीख. कोण, कुठे, कशासाठी, हे लिहून ठेवायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही, कारण घरातल्या लहानथोरांना ते ठाऊकच होतं. आज ते ठाऊक असलेलं बहुधा एकच माणूस उरलेलं असतं. ऐंशी ओलांडलेली आजी, किंवा थोरली आत्या. ती आहे तोवर फोटोतले चेहरे आपले नातेवाईक आहेत. तिच्यामागे ते अनोळखी माणसांचे होतील, आणि अनोळखी माणसांचे फोटो कोणी किती दिवस सांभाळतं?

म्हणून या आठवड्यात एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. रात्रीची जेवणं आटोपली की रोज पंधरा मिनिटं काढायची आणि त्या वेळात पाच फोटो पाहायचे. जास्त नकोत. सुटीच्या दिवशी सगळी पेटी उपसून बसलं की काय होतं, ते बहुतेक घरांनी पाहिलेलं आहे. दुपारभर खाटेवर फोटोंचा पसारा पडतो, हसणं होतं, दोन-चार जुन्या आठवणी निघतात आणि दिवेलागणीला सगळं होतं तसंच, किंबहुना अधिक विस्कटून, पेटीत जातं. म्हातारी माणसंही एवढ्यात थकतात. पाच फोटो मात्र त्यांना पेलतात. एकेका चेहऱ्यावर थांबता येतं, मोबाइलवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करता येतं आणि ज्याचं नाव आज आठवलं नाही, ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आठवतं.

लिहायचं मऊ पेन्सिलीनं, पाठीवर, कडेला. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो आणि शाई कालांतरानं आरपार उतरते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोसोबत पाकिटात ठेवावी. मजकूर एवढाच : डावीकडून उजवीकडे नावं, गाव, साल, प्रसंग. सालाची खात्री नसेल तर ‘धाकट्या काकांच्या लग्नाआधी’ असं लिहिलं तरी पुढच्याला दिशा मिळते.

हे लिहायला बसलं की लक्षात येतं, की खरा प्रश्न स्मरणशक्तीचा नाहीच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातला एखादा ग्रुप फोटो घ्या. पुढच्या ओळीत खुर्च्यांवर बसलेल्या पुरुषांची नावं घरातलं कोणीही धडाधड सांगतं : हे पाटील, हे मास्तर, हे तलाठी. मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या बायांपाशी आलं की उत्तरं बदलतात. ही तुमसरवाल्यांची सून, ही मास्तरांची बायको, ही साकोलीची मामी. नाव? जरा वेळ शांतता. ती बाई आयुष्यभर या घरात राबली, तिनं मुलं वाढवली, रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी राहिली, आणि चौथ्या पिढीपर्यंत तिचं नाव पोचलं नाही. त्यात लग्नात नाव बदलायची आपली रीत. माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं. दोन्ही विचारून दोन्ही लिहावीत. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारं कोणी राहिलेलं नसलं, तर कागदानं तरी ते धरून ठेवावं.

आणि फोटोच्या अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला, एक माणूस असतो. छकड्यापाशी उभा, किंवा मंडपाच्या खांबाला टेकलेला. तो घरचा सालदार. त्यानं वर्षानुवर्षं या घरच्या बांध्यांत चिखल केला, धान घरी आणलं, पोरांना खांद्यावर बसवून मंडई दाखवली. त्याच्याबद्दल विचारलं की ‘तो आपला गडी होता’ एवढंच ऐकू येतं. मोबाइलवर फोटोची प्रत काढताना आपण कड नीट दिसावी म्हणून बोटानं ती आत सरकवतो आणि पहिला जातो तो हाच माणूस. माझं म्हणणं इतकंच, की प्रत काढताना फोटो कडेपासून कडेपर्यंत पूर्ण घ्यावा आणि नावं लिहिताना खुर्चीवरच्या माणसाला जे मिळतं तेच खांबापाशी उभ्या माणसाला मिळावं. त्याचं नाव घरात कुणालाच आठवत नसेल तर गावात त्याचा मुलगा, नातू असेल. त्याच्याकडे जाऊन विचारावं, आणि जाताना त्या फोटोची एक प्रत न्यावी. त्या घरी आजोबांचा दुसरा फोटोच नसण्याची शक्यता फार मोठी आहे.

नाव नोंदवणं ही मोठ्या लोकांची मिरास आहे, असं भंडारा जिल्ह्यातल्या माणसानं तरी मानू नये. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. मातीखालून निघाला तो दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप आणि त्याच्या कठड्याचे दगड. त्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत स्त्रियांचीही आहेत. राजाची वंशावळ नव्हे, स्तूपाला एखादा दगड देणारी साधी उपासक माणसं. वैनगंगेच्या काठावर त्या काळी एखाद्या बाईचं नाव छिन्नीनं दगडावर कोरलं गेलं, म्हणून आज ते वाचता येतं. आपल्या हाती पेन्सिल आहे आणि पणजीचं नाव लिहायचं राहून गेलं आहे.

गरिबांच्या घरी मात्र नाव असतं आणि फोटो नसतो. ही उलटी अडचण आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी दिसते. स्टुडिओ तालुक्याला, त्याचे पैसे वेगळे, जायचा दिवस बुडणार तो वेगळाच. १९९३ मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना फोटो असलेलं मतदार ओळखपत्र सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बाया जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसल्या. पुढे त्या गेल्या तेव्हा घरच्यांनी तेच कार्ड स्टुडिओत नेलं, टिकलीएवढा चेहरा मोठा करून घेतला आणि भिंतीवर लावला. डोळे धुरकट, मागे पांढरा पडदा. ज्यांच्या घरी असा एकुलता एक फोटो आहे, त्यांनी ते मूळ कार्ड मुळीच टाकू नये. मोठ्या केलेल्या फोटोत स्टुडिओवाल्यानं साडीचा रंग, कुंकू, कधी कधी दागिनेही आपल्या मनानं भरलेले असतात. बाई जशी होती तशी त्या कार्डावर आहे.

पाण्याचं भय तर आपल्याला नवं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत घराघरांत शिरली. अशा वेळी माणसं जीव, जनावर आणि धान्य पाहतात, तेच योग्य. पण पाणी ओसरल्यावर चिखलात रुतलेले अल्बम ‘गेले’ म्हणून उकिरड्यावर टाकायची घाई करू नये. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले असतील तर कोरडे ओढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करावेत, चित्राच्या बाजूला बोट न लावता धुवावेत आणि सावलीत, सुती कपड्यावर, चेहरा वर करून वाळवावेत. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले तरी बुरशी थांबते.

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या यामामोतो या किनाऱ्यावरच्या गावी स्वयंसेवकांनी ढिगाऱ्यातून सापडलेले फोटो गोळा केले, धुतले, त्यांच्या प्रती काढल्या आणि लोकांना येऊन आपले ओळखा म्हणून सांगितलं. सुमारे साडेसात लाख फोटो होते ते. घरं गेलेली, माणसं गेलेली, आणि लोक रांगेनं येऊन चेहरे शोधत होते. सगळं वाहून गेल्यावर माणसाला काय हवं असतं, हे मला त्या एका गोष्टीतून जेवढं कळलं तेवढं कशातूनच नाही.

आपल्याकडे पाणी एका रात्रीत येतं तसं वर्षावर्षांनीही येतं. गोसेखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. त्यानंतरच्या काळात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली, नव्या वसाहतींत गेली. जुन्या गावचं घर, पार, विहीर, देऊळ आज जागेवर जाऊन पाहता येत नाही. कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या मांडवाच्या फोटोत चेहऱ्यांच्या मागे ते उरलं आहे. अशा घरांनी माणसांच्या नावांबरोबर मागची भिंत कुणाची, तो आंबा कुठला, डावीकडे दिसणारी वाट कुठे जायची, हेही लिहावं. नव्या वसाहतीत जन्मलेल्या मुलांना आपलं गाव कसं होतं, हे दाखवायला दुसरं काही नाही. एका वसाहतीतल्या दहा घरांनी आपापले असे फोटो एकत्र मांडले, तर अख्खी गल्ली उभी राहील.

जपण्याचं तंत्र थोडक्यात. जुने कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचे असतात, ते दीर्घकाळ टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंतला निळसर रंग आधी उडतो, म्हणून ते लाल पडत चालले आहेत. प्रत काढायला आधी तेच घ्यावेत. चिकट पानांवर प्लास्टिक ओढलेले अल्बम दिसायला छान, पण तो गोंदच फोटो खातो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेवरूनच त्याची प्रत काढावी. निगेटिव्ह कचरा समजून टाकू नयेत, मूळ फोटो तोच आहे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आलमारी नको, आणि पुराच्या गावी खालचा कप्पा नको. कसर आणि वाळवीला बंद, न उघडलेली पेटी आवडते. रोज पंधरा मिनिटं ती उघडली गेली, तर निम्मं रक्षण तिथेच झालं.

मोबाइलमधल्या फोटोंचं दुखणं वेगळं आहे. ते इतके आहेत की कोणी पाहत नाही. तिथे रोजचे पाच हे निवडण्याचे पाच : आज काढलेल्यांतला ठेवण्याजोगा कोणता, हे ठरवून बाकीचे पुसायचे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, म्हणून महत्त्वाचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि कंपनीच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं, गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली. एक प्रत घरच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा भावाकडे असली की पूर, आग, चोरी यांपैकी काहीही एकाच वेळी सगळं नेऊ शकत नाही.

या कामात अवघड क्षणही येतील, आणि ते टाळू नयेत. एखाद्या फोटोतला चेहरा कात्रीनं कापलेला असतो. वेगळी झालेली सून, वाटणीवरून बोलणं तुटलेला भाऊ. कापलेला तुकडा मिळणार नाही, पण तिथे कोण होतं हे लिहायला कोणाची हरकत नसावी. घडलेलं लग्न घडलं होतं. उरलेल्या फोटोंवर तरी कात्री चालवू नये. याच न्यायानं, एखाद्याला आपला आजारपणातला किंवा दुःखातला फोटो साऱ्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरलेला नको असेल, तर तो जपावा आणि फिरवू नये. आयुष्यभर पदराआड राहिलेल्या आजीलाही आपला फोटो कुणी पाहावा, याबद्दल मत असतं. तिला विचारायला एक मिनिट लागतं.

आता राहिला हक्काचा प्रश्न. भाऊ वेगळे झाले की भांडी, बैल, बांध्या वाटल्या जातात. फोटोंची पेटी थोरल्याकडे राहते आणि तिच्याविषयी कोणी भांडत नाही, त्यामुळे तिच्यात वाटा असलेलं एक माणूस कायमचं वगळलं जातं : लग्न होऊन गेलेली बहीण. तिचं सारं बालपण त्या पेटीत आहे आणि तिच्या घरी त्यातला एक कागद नाही. मागच्या ओळीतल्या बाया नावानिशी ओळखणारीही बहुतेक वेळा तीच असते, कारण चुलीपाशी त्यांच्यात बसलेली ती होती. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्री नाटक असतं आणि दुपार मोकळी. त्या दुपारी तिच्यापुढे पेटी ठेवावी, हाती पेन्सिल द्यावी, ती सांगेल ते लिहावं. आणि ती परत निघेल तेव्हा साडीचोळीबरोबर तिच्या आईच्या फोटोची एक प्रत, मागे आईची दोन्ही नावं लिहून, तिच्या पिशवीत घालावी.