दारी मागितलेली पेज

पहिल्या अध्यायात अर्जुन कुलक्षयाचे जे चित्र उभे करतो, ते आपण बहुधा मोहाचे बोल समजून ओलांडून जातो. भगवंतांनी त्याचा शोक दूर केला. परंतु युद्धाने कुळे मोडतात, हे त्यांनी कोठेही नाकारले नाही.

१९४३ साली वंगदेशाने हे अनुभवले. तेथील खेड्यांत रणांगण नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला व तिकडचा तांदूळ थांबला. शत्रूला मिळू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनारी भागातील सहस्रावधी नावा काढून घेतल्या. त्यांबरोबर कोळ्यांची उपजीविका गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूरवर चक्रीवादळ कोसळले. परकीय सत्तेला सैन्याचे अन्न आधी दिसले, प्रजेचे मागाहून. सुमारे ३० लक्ष जीव गेले, असे अनेक इतिहासकार मानतात. पतींनी पत्नींना टाकले, मातांनी लेकरे विकली.

तथापि सारा दोष परक्यांच्या माथी ठेवून आपल्याला मोकळे होता येत नाही. भाव चढावा म्हणून धान्य कोंडून ठेवणाऱ्यांत आपलेही लोक होते. केवळ स्वतःसाठी रांधणारा पापच भक्षण करतो, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले; कोंडणारा तर रांधतही नाही!

कलकत्त्यात क्षुधार्त जन दारोदार ‘फ्यान’ मागत, म्हणजे भात वेळल्यावर आपण ओतून देतो ती पेज. भात मागण्याची आशाच त्यांनी सोडली होती. काही गृहिणी ती पेज दारी आणून देत. काही दारे उघडलीच नाहीत. त्या बंद दारांआडही देवाला नित्य नैवेद्य दाखविला जात असेल.