कानाला पापणी नाही

उंटांना गाऊन हाकण्याची अरबांची जुनी रीत होती. त्या गाण्याला ‘हुदा’ म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रवासात अंजशा (रजि.) हुदा गात होते. आवाज गोड, त्यामुळे उंटांची चाल वाढली. उंटांवर स्त्रिया होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना जरा हळू हाकण्यास सांगितले आणि स्त्रियांना काचेच्या भांड्यांची उपमा दिली. ही हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आली आहे. भाष्यकारांनी तिचे दोन अर्थ लावले. वेगाच्या हिसक्यांनी नाजूक देहांना त्रास होऊ नये, हा एक. गोड स्वराने मने हेलावू नयेत, हा दुसरा. ध्वनी देहावर आणि मनावर एकाच वेळी चालतो, तेव्हा दोन्ही अर्थ खरे मानावयास हरकत नसावी.

इमाम गजाली (रह., मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये अशीच एक कथा दिली आहे. जड ओझी लादलेले उंट एका गुलामाच्या गाण्याच्या नादात दूरची वाट झपाट्याने तोडून आले आणि ओझी उतरताच मेले. एकच काय तो वाचला. त्यांना शब्द कळत नव्हते. थकवा मात्र त्यांचाच होता, आणि तोही त्यांना कळला नाही!

संगीत वैध की अवैध, हा विद्वानांचा जुना मतभेद येथे उकरावयाचा नाही. प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. डोळा मिटता येतो. कानाला पापणी नाही. झोपेतही तो जागाच असतो. अचानक मोठा आवाज झाला की विचार सुचण्यापूर्वीच छातीत धडधड सुरू होते. अंतःकर्णात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. मग श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण या सर्वांविषयी जाब विचारला जाईल, असे दिव्य कुरआन (१७:३६) बजावते, तो जाब कशाचा? दचकण्याचा खासच नव्हे. रोज आपण होऊन काय ऐकत बसतो, कोणत्या तालावर राग, वासना वा उन्माद चढू देतो, त्याचा.

आणि त्याहून मोठा जाब आवाज करणाऱ्याला द्यावा लागेल, कारण ऐकणाऱ्याला निवडीची सोयच नसते. निकाहाच्या वरातीत डीजे लावणाऱ्या आमच्या तरुणांना भिंतीपलीकडचा हृदयरोगी किंवा तान्हे मूल दिसत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किती वराती पाळतात, हे सांगावयास नको. लुकमान (अलै.) यांनी मुलाला आवाज खाली ठेवण्याचा उपदेश केला, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता.

येथे कोणी म्हणेल, गाणे सोडा, पण पवित्र वाणी मोठ्याने ऐकविण्यात काय वावगे? सुनन अबू दाऊदमधील एक हदीस पाहावी. प्रेषित (स.) मशिदीत एतिकाफला बसले होते. लोक मोठ्याने कुरआन पठण करीत होते. त्यांनी पडदा बाजूला सारला आणि सांगितले की, तुम्ही प्रत्येकजण आपल्या पालनकर्त्याशी बोलत आहात. एकमेकांना त्रास देऊ नका, पठणातही आवाज दुसऱ्यावर चढवू नका.