हुकूम कोणाचा?

घरातला रिमोट कोणाच्या हातात असतो यावरून त्या घराची राज्यघटना ओळखावी, असं मी गमतीनं म्हणत असे. आता तसं म्हणायची सोय राहिलेली नाही. रिमोट टेबलावर पडलेला असतो, त्याला कोणी हात लावलेला नसतो आणि तरीही चॅनेल बदलतं. एका यंत्रानं दुसऱ्याला हुकूम सोडलेला असतो, दुसऱ्यानं तो निमूटपणे पाळलेला असतो आणि सोफ्यावरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. "कोणी बदललं?" हा प्रश्न दिसायला साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधू गेलं तर बराच वेळ लागतो.

थोडं मागे जाऊ. १९५६ साली झेनिथ कंपनीनं 'स्पेस कमांड' नावाचा रिमोट बाजारात आणला. (सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र येऊन आपलं फ्रीमाँट शहर झालं, तेही याच वर्षी. योगायोग, दुसरं काय!) रॉबर्ट अ‍ॅडलर नावाच्या इंजिनियरची ही करामत. त्या रिमोटला बॅटरी नव्हती. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. अडचण एवढीच की किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधी कधी तसाच ध्वनी निघायचा आणि टीव्ही त्याचंही ऐकायचा. म्हणजे हुकूम मालकाचा की किल्ल्यांचा, हे ओळखायची सोय पहिल्यापासूनच नव्हती.

पुढे इन्फ्रारेड किरणांचे रिमोट आले, तेच आपण वर्षानुवर्षं वापरले. किल्ल्यांचा त्रास संपला, पण मूळ अडचण तशीच राहिली. हा एकतर्फी कारभार. रिमोट प्रकाशाची उघडझाप करून आकडा पाठवतो आणि मोकळा होतो. समोरच्या डब्याला तो पोचला का, हे त्याला कळत नाही. आणि डब्यालाही हे कळत नाही की बटण आजोबांनी दाबलं, नातवानं दाबलं की आणखी कोणी.

या अज्ञानाचा फायदा रेकॉर्डर बनवणाऱ्यांनी उचलला. फ्रीमाँटहून ८८० नं दक्षिणेला जाऊन २३७ वर वळलं की अल्विसो लागतं. टिव्हो कंपनीचं मुख्य कार्यालय तिथे होतं. १९९९ मध्ये त्यांचा रेकॉर्डर बाजारात आला आणि टीव्हीचा कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवून हवा तेव्हा बघायची चटक अमेरिकेला लागली. पण केबलची किंवा डिशची चॅनेल्स त्या त्या कंपनीच्या डब्यातूनच येणार. मग रेकॉर्डरनं रात्री नऊ वाजता त्या डब्याचं चॅनेल बदलायचं कसं? त्यावरचा उपाय म्हणजे एक वायर आणि तिच्या टोकाला इन्फ्रारेडचा बारीक दिवा. तो दिवा डब्याच्या तोंडावर चिकटपट्टीनं चिकटवायचा. वेळ झाली की रेकॉर्डर त्या दिव्यातून रिमोटचं हुबेहूब सोंग आणतो आणि डब्याला वाटतं, कोणीतरी माणूस बटणं दाबतोय. तीन आकड्यांतला एक वाटेत हरवला तर तासभर भलताच कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा आणि रेकॉर्डरला त्याचा पत्ताही नसायचा!

माझा पोटापाण्याचा उद्योग कंपन्यांच्या संगणक यंत्रणांचा आहे. तिथे कुठलाही हुकूम अमलात आणण्याआधी यंत्रणा दोन वेगवेगळे प्रश्न विचारते. तू कोण? आणि हे करायची तुला परवानगी आहे का? शिवाय कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. आमच्या क्षेत्रातला नवखा पोरगासुद्धा हे दोन प्रश्न वगळणार नाही. मात्र हेच लोक घरी आल्यावर टीव्हीसमोर बसतात, तेव्हा यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

रेकॉर्डर बनवणाऱ्यांना याची अजिबात जाणीव नव्हती असं नाही. त्या काळच्या एकाच ट्यूनरच्या रेकॉर्डरमध्ये अशी सोय असे की कोणी टीव्ही बघत असताना रेकॉर्डिंगची वेळ झाली तर पडद्यावर सूचना यायची: मला चॅनेल बदलायचंय, बदलू का? नको असेल तर तसं सांगा. थोडा वेळ वाट बघून, उत्तर आलं नाही तर तो चॅनेल बदलून टाकायचा. इंजिनियर म्हणून मला यातला विचार पटतो. टीव्ही चालू ठेवून लोक बाहेर निघून जातात. गप्प बसण्याचा अर्थ 'नको' असा धरला तर रेकॉर्डिंग कधी होणारच नाही. म्हणून मौन म्हणजे संमती.

आता ही सोय आपल्या घरांत कशी वागली ते बघा. साधारण २००६ च्या सुमाराची गोष्ट. मी नुकताच शिक्षण आटोपून नोकरीला लागलो होतो आणि शनिवारी फ्रीमाँटमधल्या एका स्नेह्यांकडे हक्कानं जेवायला जात असे. त्यांच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सगळे कामाला आणि शाळेला गेले की काकू घरात एकट्या. दुपारी डिशवर मराठी मालिका लागायची, तेवढाच विरंगुळा. एक दिवस मालिका ऐन रंगात आलेली असताना पडद्यावर इंग्रजीत चौकोन आला. काकूंना वाटलं, जाहिरात. थोड्या वेळानं मालिका गेली आणि तिथे कुणी गोरी बाई केक सजवताना दिसू लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकूंनी कुणाला काही विचारलं नाही. आपलंच बोट कुठेतरी चुकीचं पडलं असणार असं त्यांनी धरलं, आणि लेकाच्या घरातली महागाची वस्तू बिघडायला नको म्हणून रिमोटला हात लावायचंच सोडलं. दुपारी खिडकीत बसू लागल्या. हा सगळा उलगडा दोन आठवड्यांनी, तोही जेवताना बोलण्याच्या ओघात झाला.

यंत्राच्या नोंदीत लिहिलं असणार: विचारलं, नकार आला नाही, चॅनेल बदललं. यातला एकही शब्द खोटा नाही. पण संमती म्हणायची तर आधी प्रश्न समजला पाहिजे, 'नको' म्हणता येतं हे माहीत पाहिजे, आणि 'नको' म्हणायची उमेदही पाहिजे. काकूंपाशी या तीनपैकी एकही गोष्ट नव्हती. स्वतःच्या घरी, साताऱ्याला, त्यांनी खणखणीत आवाजात "कोण आहे रे तो? लाव बघू परत!" असं सुनावलं असतं. इथे त्या आई होत्या खऱ्या, पण पाहुण्या होत्या. मौनाचे असे किती प्रकार असतात! झोपलेल्याचं मौन वेगळं, न समजलेल्याचं वेगळं, भिडस्ताचं वेगळं. यंत्राला त्यातला एकच प्रकार ठाऊक.

इथपर्यंत वाचून सगळी सहानुभूती काकूंकडे गेली असेल तर जरा थांबा. तो केकचा कार्यक्रम लावून ठेवला होता त्यांच्या सुनेनं. वहिनी तेव्हा नोकरी करून संध्याकाळी मुलांचं बघायच्या आणि रात्री साडेदहाला, सगळं आवरल्यावर, तो एक तास त्यांचा स्वतःचा असायचा. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात टीव्हीसमोर बसलेल्याचा हक्क पहिला आणि स्वयंपाकघरात असलेल्या बाईचा शेवटचा, किंबहुना नाहीच. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. पुढे 'गजरा' लागला की अख्खी चाळ ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्याकडे जमायची, तेव्हाही पोळ्या लाटणारी बाई दारातून मान वाकडी करूनच बघायची. जो समोर बसलाय त्याचंच ऐकायचं असा नियम केला तर गैरहजर माणूस दरवेळी हरणार. रेकॉर्डरनं पहिल्यांदाच गैरहजर बाईला मत दिलं. तिला दिलेला शब्द पाळला, सासू समोर बसलेली आहे हे न बघता पाळला. याला अन्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग चुकलं कुठे? माझ्या मते चॅनेल बदललं यात फारसं काही चुकलं नाही. कोणी बदललं हे काकूंना कळलं नाही, तिथे बिनसलं. चाळीतल्या टीव्हीचा कान पिळणारा मालक दिसायचा तरी. त्याच्यावर चिडता यायचं, त्याची मनधरणी करता यायची, "काका, पाच मिनिटं राहू द्या" म्हणता यायचं. सासू आणि सून यांच्यात जे बोलणं व्हायला हवं होतं, ते दोन डब्यांनी परस्पर उरकून टाकलं. त्या बोलण्यात कदाचित खटका उडाला असता. पण काकू खिडकीत जाऊन बसल्या नसत्या.

उलगडा झाल्यावर वहिनींनी काय केलं? रिमोटवरच्या ज्या बटणानं नकार देता येत होता त्यावर स्वतःच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "चौकोन आला की हे दाबा. पण गुरुवारी नका दाबू हं, गुरुवार माझा."

आता ते दिवे आणि चिकटपट्ट्या गेल्या. एचडीएमआय केबल आली. २००२ मधल्या तिच्या पहिल्या मानकातच सीईसी नावाची एक सोय होती. केबलमधली एक तार केवळ उपकरणांच्या आपापसातल्या गप्पांसाठी राखलेली. प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो, टीव्हीचा पत्ता शून्य. निरोपात पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि निरोप मिळाल्याची पोचही येते. म्हणजे 'तू कोण?' या प्रश्नाला उत्तर मिळालं म्हणायचं. पण ते उत्तर 'मी प्लेयर' असं असतं. प्लेयरमागे कोण, ते नाही. आणि दुसरा प्रश्न, परवानगीचा, अजून कोणी विचारत नाही. कुठलंही उपकरण 'आता मी दिसणार' असं जाहीर करतं आणि टीव्ही मुकाट्यानं तिकडे वळतो. त्यातून सोनीनं याला 'ब्राव्हिया सिंक' म्हटलं, सॅमसंगनं 'एनीनेट प्लस', एलजीनं 'सिंपलिंक'. बंद करायचं तरी काय, हे शोधता शोधता माणूस थकतो.

हल्ली आमच्या मित्रमंडळींत याचाच एक नवा अवतार लोकप्रिय आहे. रात्री नऊला टीव्ही आपोआप बंद. मुलगा खाली सोफ्यावर, वडील वरच्या खोलीत लॅपटॉपवर. नऊ वाजतात, पडदा काळा होतो, मुलगा पाय आपटत झोपायला जातो. "भांडण नाही, तंटा नाही," असं मित्र सांगतो. खरं आहे. मुलगा म्हणतो, "टीव्हीनं बंद केला." वडिलांचा नियम, पण वडिलांचा चेहरा त्यात कुठेच नाही. ज्याच्याशी हुज्जत घालता येत नाही असा हुकूम दहा वर्षांच्या पोरानं रोज पाळावा, हे मला काही बरं वाटत नाही. माझी बायको म्हणते, मी उगाच तत्त्वज्ञान पाजळतो, नऊ ते नऊ, यंत्रानं बंद केलं काय आणि बापानं केलं काय. आमच्यात यावर एकमत नाही.

सध्या तरी मी जिना उतरून खाली येतो आणि माझ्या हातानं टीव्ही बंद करतो. रोज वाद होतो. पाच मिनिटं मागतो, बहुतेक वेळा तीन मिळवतो. परवा चार मिळवली.