आकाश ऐकणारी माणसं

लोहगावच्या हवाई तळाच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं, त्यांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. लढाऊ विमानाचा आवाज जिकडून येतो तिकडे बघायचं नसतं. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीन किलोमीटरवरच्या विमानाची गर्जना आपल्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ते विमान दीड-दोन किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. गच्चीवर कुरडया राखायला बसलेल्या आम्हां मुलींची मान आपोआप आवाजाच्या पुढे वळायची. १९८७ मध्ये लोहगावला मिग-२९ आली, १९९७ मध्ये सुखोई आली. आई खाली पोळ्या लाटता लाटता नुसत्या आवाजावरून म्हणायची, ‘आज कुणी नवीन आलंय.’ तिने विमान जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिचं आकाश कानातून आत यायचं.

विमानांच्या मेळाव्याचं वर्णन केवळ आवाजातून करायला निघालेल्या माणसांबद्दल मला आपुलकी वाटते ती बहुधा तिच्यामुळे. गेली कित्येक वर्षं मी विमानांवरचे पॉडकास्ट ऐकते आहे. वाहिन्यांचे किंवा कंपन्यांचे नाहीत. दिवसभर आपापली नोकरी करून रात्री माइकसमोर बसणाऱ्या दोघातिघांनी चालवलेले. यातले काही जण रजा साठवतात, तिकिटाचे पैसे बाजूला टाकत राहतात आणि जुलै आला की समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉशला जातात. काहींची वाट उलटी असते, ऑस्ट्रेलियात जीलाँगजवळच्या ॲव्हलॉनकडे किंवा इंग्लंडमधल्या फेअरफोर्डकडे. पण ऑशकॉशची गोष्ट निराळी आहे. तिथल्या मेळाव्याचा जन्मच हौसेतून झालेला आहे.

पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने १९५३ च्या जानेवारीत, मिलवॉकीजवळच्या आपल्या गावी, घरच्या घरी विमानं बांधणाऱ्यांची एक संघटना काढली. नाव ठेवलं एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. सदस्यांनी वर्षातून एकदा आपापली विमानं घेऊन एकत्र यायचं, एकमेकांचे सांधे-रिबेट तपासायचे, चुका सांगायच्या. मेळावा आधी मिलवॉकीत, मग इलिनॉयमधल्या रॉकफर्डला भरला आणि १९७० पासून ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरतो आहे. २०२४ मध्ये तिथे सुमारे ६ लाख ८६ हजार माणसं आली. जेमतेम ६५-७० हजार वस्तीच्या गावात. आठवडाभरात तिथे आणि आसपासच्या विमानतळांवर दहा हजारांच्या घरात विमानं उतरतात. १९८५ मध्ये काँकॉर्ड आलं होतं. पुढे १९८६ च्या डिसेंबरात न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी घालणारं बर्ट रुटान यांचं ‘व्हॉयेजर’ १९८४ मध्येच इथल्या लोकांनी पाहून घेतलं होतं. तरी या मेळाव्याचा जीव गवतात आहे. लोक स्वतःच्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकतात, सकाळी पंखावरच टॉवेल वाळत घालतात.

आपल्याकडे कांदिवलीतल्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ते लोकांना पाहायला मिळालं, तेव्हा बहुतेकांना प्रश्न पडला होता तो एवढाच, की हे गच्चीवरून खाली आणलं कसं? ऑशकॉशच्या गवतात मात्र हा प्रश्न रोजचा आहे. तिथे निम्म्या गप्पा तळघराच्या दारातून पंख बाहेर कसा काढला याच्याच असतात.

या मेळाव्याकडे जाणारी हवेतली वाट मी प्रथम ऐकली तो दिवस मला आठवतो. स्वयंपाकघरात फोन बरणीला टेकवून ठेवला होता. रिपन नावाच्या गावापासून रेल्वेचे रूळ ईशान्येकडे जातात. लहान विमानांनी त्या रुळांवरून, एकामागे एक, मध्ये अर्धा मैल ठेवून, १८०० फुटांवर ९० नॉट वेगाने यायचं. म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटर. फिस्क या वाडीवर नियंत्रक दुर्बिणी घेऊन उघड्यावर बसलेले असतात. गुलाबी सदरे घालतात, गर्दीत ओळखू यावेत म्हणून. एरवी नियंत्रक विमानाला त्याच्या नोंदणी क्रमांकाने हाक मारतो आणि वैमानिक उत्तर देतो. इथे तेवढी उसंत नसते. नियंत्रक रंगरूप पाहून बोलतो: पांढऱ्या-निळ्या, पंख वर असलेल्या विमाना, पंख हलव. वैमानिक बोलत नाही. तो विमान डावी-उजवीकडे झुकवतो. छान, पुढे ये, अमुक धावपट्टी. पुढे धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला हिरव्यावर टेकायचं, मागच्याला अलीकडच्या ठिपक्यावर, म्हणजे एकाच पट्टीवर एका वेळी दोन-तीन विमानं उतरून घेता येतात.

त्या ध्वनिमुद्रणात फक्त नियंत्रकाचा आवाज होता. समोरच्याचं उत्तर ऐकू येणं शक्यच नव्हतं, कारण ते पंखांनी दिलेलं होतं. तरीही ‘छान’ म्हणण्याआधीच्या त्या अर्ध्या सेकंदात मला विमान झुकलेलं दिसलं. व्हिडिओत हेच दृश्य मी नंतर अनेकदा पाहिलं. एवढं स्पष्ट पुन्हा दिसलं नाही.

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली यांनी लंडनच्या ‘गार्डियन’मधल्या लेखात, इतर एक-दोन शब्दांबरोबर, जवळजवळ सहज सुचवला. ज्यांच्या प्रयोगांनी हे माध्यम उभं राहिलं त्यांतले ॲडम करी स्वतः वैमानिक आहेत. विमानवेड्यांनी हे माध्यम लगेच उचललं याचं मला नवल वाटत नाही. विमानाची ओढ असणारी माणसं विखुरलेली असतात. एका गल्लीत एक, एका कचेरीत एक, आणि घरच्यांनी कंटाळून ऐकणं सोडून दिलेलं. २००८ मध्ये अमेरिकेत ‘एअरप्लेन गीक्स’ सुरू झाला. त्यात मेलबर्नच्या ‘प्लेन क्रेझी डाउन अंडर’ची मंडळी ऑस्ट्रेलियाची खबर द्यायची, ब्रिटनमधून युरोपची यायची. कुठल्याही वृत्तसंस्थेने न नेमलेले हे वार्ताहर एकमेकांना आवाजाने ओळखू लागले. म्हणूनच पुढे प्रवास करणं भागच होतं. वर्षानुवर्षं कानात असलेल्या माणसाची उंची किती हे एकदा पाहावंसं वाटणारच.

मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे, हौस. अरबीतला ‘हवस’ फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत तो वासनेच्या अंधारात गेला आणि मराठीत मात्र लग्नाच्या साडीला, गणपतीच्या आराशीला, रांगोळीला चिकटून निर्मळ झाला. आपली हौशी रंगभूमी याच शब्दावर उभी आहे. बँकेतून सुटून तालमीला जाणारा नट, राज्य नाट्य स्पर्धेसाठी घरची सतरंजी रंगमंचावर नेणारी मंडळी. ‘हौशी’ म्हणजे कच्चा, असा अर्थ आपण अलीकडे लावू लागलो आहोत, आणि तो मला मान्य नाही. हौशी म्हणजे ज्याला ते केलं नाही तरी कुणी विचारणार नाही, आणि तरीही जो करतो. त्याच्या कामाचा पक्केपणा त्याचा त्यालाच राखावा लागतो.

सरकारी कागदांना मात्र हौस कळत नाही. अमेरिकेत परदेशी पत्रकारांसाठी ‘आय’ नावाचा वेगळा व्हिसा असतो आणि फिरायला येणाऱ्यांचा वेगळा. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या रजेत, बॅगेत दोन माइक आणि एक ध्वनिमुद्रक घेऊन आलेला माणूस यातला कोणता? प्रसिद्धिमाध्यमांच्या नोंदणीचा अर्ज विचारतो, आपली संस्था कोणती. संस्था म्हणजे दोन मित्र आणि एक तळघर. मला वाटतं, त्यांचं स्वातंत्र्य याच रकान्यात आहे. जाहिरात नसणं किंवा मालक नसणं ही त्याची बाहेरची खूण झाली. आतली गोष्ट अशी की काय पाहायचं हे त्यांना कुणी आधी सांगून पाठवलेलं नसतं.

इथे मला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. आपल्याकडच्या बखरी बहुधा कुणाच्या तरी आज्ञेवरून लिहिल्या गेल्या. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि म्हणून राज्य, गड, फौज, कारखाने यांचा हिशेब तिथे नीट लागलेला आहे. गोडसे भटजींना कुणी वृत्तान्त आणायला धाडलं नव्हतं. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असल्याचं कानावर आलं आणि दक्षिणेच्या आशेने चुलत्याबरोबर ते निघाले. वाटेत १८५७ चा वणवा पेटला, झाशीच्या वेढ्यात ते अडकले, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते सगळं लिहून काढलं, आणि १९०७ मध्ये ते छापलं गेलं. त्यांच्या लिखाणात लढाईइतकंच पाण्याचं दुर्भिक्ष आहे, जेवणाच्या पंगती आहेत. जो ठरवून पाठवला गेला नाही त्याच्या नजरेला बाजूच्या गोष्टी पडतात.

या पॉडकास्टवाल्यांच्या मुलाखती ऐकताना तेच जाणवतं. १९०९ मध्ये सुरू झालेलं पॅरिसचं विमानप्रदर्शन घ्या. तिथे पहिले दिवस व्यापाऱ्यांचे, लोकांची पाळी शेवटी. त्यामुळे बातमी असते कोणत्या कंपनीने किती विमानांची मागणी नोंदवली ही. आकडा महत्त्वाचा आहेच. पण ऑशकॉशहून आलेल्या तासाभराच्या भागात मी एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला बोलताना ऐकलं आहे. असे पाच हजारांहून जास्त स्वयंसेवक तिथे राबतात. हा विमानांना गवतावर जागा दाखवायचा. ओल्या जमिनीत चाक रुतणार की नाही हे तो बुटाच्या टाचेने दाबून पाहतो, आणि किती दाबायचं ते त्याने मुलाखत घेणाऱ्याला करायला लावलं. माइकमध्ये टाच रुतल्याचा बारीक चिखलाळ आवाज आला. २०१० मध्ये मेळाव्याच्या तोंडावर एवढा पाऊस झाला की तंबूंची मैदानं बुडाली, कित्येक विमानांना दुसरीकडे वळावं लागलं, आणि त्या वर्षाला लोक ‘स्लॉशकॉश’ म्हणू लागले. टाचेचं शहाणपण कशासाठी, ते मला तेव्हा समजलं.

माझी एक तक्रारही आहे, आणि ती आपुलकीतून आहे. प्रेमाने पाहणारा माणूस अवघड प्रश्न लवकर विचारत नाही. कसरतीच्या विमानात मागच्या सीटवर बसून एक फेरी मिळाली की पुढची मुलाखत मऊ होते. लढाऊ विमानाच्या देखण्या वळणाला दाद देताना ते कुणाला विकलं गेलं, कुणावर वापरलं गेलं, हे बहुतेक भागांत येतच नाही. लोहगावच्या गच्चीवर आम्हीही कुणी ते विचारलं नव्हतं. ज्याला कुणी मालक नाही त्याने तरी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

एका बाबतीत मात्र ही मंडळी पगारी माध्यमांच्या पुष्कळ पुढे आहेत. ६ सप्टेंबर १९५२ ला इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या मेळाव्यात जॉन डेरी चालवत असलेलं डी हॅविलँड ११० हवेतच फुटलं. एक इंजिन गर्दीत पडलं. २९ प्रेक्षक, डेरी आणि त्यांचे सहकारी टोनी रिचर्ड्स गेले. प्रेक्षकांपासून किती अंतर ठेवायचं, विमानाचा रोख गर्दीकडे असू द्यायचा की नाही, याचे कडक नियम त्यानंतर आले. तरी अपघात संपलेले नाहीत. तसं काही घडलं की वाहिन्यांवर तासाभरात कारण ठरतं, दोषी ठरतो. त्या आठवड्याचा पॉडकास्ट लावावा तर सूत्रधार हळू आवाजात म्हणतो, अहवाल येऊ दे. अपघाताची चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, दोष वाटण्यासाठी नसते, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३ व्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. त्यांना ते पाठ असतं. ऐकणाऱ्यांना धरून ठेवण्याचा मोह त्यांनाही असणार. तरी ते थांबतात. गेलेल्या माणसाचं नाव घेतात, त्याच्याबरोबर कधी बोलणं झालं असेल तर तेवढं सांगतात, आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात.

संध्याकाळी कसरती संपल्यावरचं त्यांचं मुद्रण मला सगळ्यांत आवडतं. लाकडी बाकावर मधोमध ध्वनिमुद्रक ठेवलेला असतो, माइकला वाऱ्यासाठी लोकरीची टोपी. तंबूचं कापड फडफडतं, कुणीतरी डबा उघडतं. मेलबर्नचा एक जण आणि अमेरिकेतला एक जण, दोघं वर्षानुवर्षं फक्त आवाजाने ओळखीचे, आता शेजारी बसलेले. मध्ये एक विमान बांधणारा पाहुणा. चौदा वर्षं लागली, तो म्हणतो. बायको पहिली पाच वर्षं बोलली नाही, मग एका हिवाळ्यात येऊन तिने रिबेट ठोकायला दुसरा हातोडा उचलला. मग कुठूनतरी मर्लिन इंजिनाचा भरीव, घुमणारा स्वर येतो. एखादं जुनं मस्टँग उतरायला निघालेलं असतं. तिघंही बोलायचं थांबतात. हा आवाज कापून टाकावा, असं संपादन करताना कुणाच्या मनातही येत नाही. तो येतो, डोक्यावरून जातो, दूर जातो, इतका दूर की माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीपलीकडे मला तो शोधावा लागतो. मी मान वळवलेली असते, आवाजाच्या थोडी पुढे.

मग त्यांच्यातला कुणीतरी विचारतो, ‘कुठे होतो आपण?’

‘हिवाळ्यात,’ पाहुणा म्हणतो.